कारणाचा रकाना

"क्षीरसागर, आपल्या गावात बोर्ड किती आहेत?"

नव्या मुख्याधिकारी मॅडमनी रुजू झाल्यावर मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नळ किती, दिवे किती, घरं किती, हे मी झोपेतही सांगितलं असतं. बोर्ड मात्र कुणी कधी मोजले नव्हते.

"बरेच आहेत, मॅडम."

"बरेच म्हणजे?"

मी शिपायाकडे पाहिलं. शिपायाने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर 'येथे वाहने उभी करू नयेत' असा बोर्ड होता आणि त्याला खेटून आमच्या उपनगराध्यक्षांची मोटरसायकल उभी होती.

सोनवणे मॅडमनी एक पत्र माझ्यापुढे सरकवलं. कोणी निवृत्त प्राध्यापक सहकुटुंब आमच्याकडे येऊन गेले होते. त्यांनी लिहिलं होतं, 'एस.टी. स्टँडपासून लॉजपर्यंत मी बारा मिनिटं चाललो. तेवढ्यात मला एकेचाळीस गोष्टी करू नका असं सांगण्यात आलं. त्यांतल्या निम्म्या मला सुचल्याही नसत्या. काय करावे हे मात्र एकाही ठिकाणी लिहिलेले नाही.'

मला हसू आलं. मॅडम हसल्या नाहीत.

"यादी करा," त्या म्हणाल्या. "नंबर, जागा, मजकूर आणि शेवटचा रकाना कारणाचा. कुठला बोर्ड कशामुळे लागला ते लिहायचं. ज्याचं कारण सापडणार नाही तो खाली येईल. आठ दिवस देते."

ही नव्व्याण्णव सालची गोष्ट. जांभुळमाथा हे आमचं थंड हवेचं गाव, आणि तिथल्या नगरपरिषदेत मी वरिष्ठ लिपिक. बोर्डांचा विषय माझ्याच टेबलावर असायचा. आमच्या ऑफिसची एक रीत होती. कुणाचीही तक्रार आली की तिच्यावर बोर्ड लावायचा. रस्ता दुरुस्त करायचा तर अंदाजपत्रक, निविदा, त्यात जमीन वनखात्याची निघाली की वर्षभर पत्रव्यवहार. बोर्ड दोन दिवसांत उभा राहायचा. बोर्ड लागला की अर्जावर 'निकाली' असा शेरा मारायचा आणि फाईल कपाटात. तक्रार करणाऱ्यालाही बरं वाटायचं, निदान आपलं कुणी ऐकलं म्हणून.

मजकूर मी करायचो. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता. कमी शब्दांत, सभ्य भाषेत आणि शेवटी ठसठशीत 'नये'. दोन नगराध्यक्ष बदलले, पण मजकूर क्षीरसागरनीच करायचा हे ठरलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबूलाल मुजावरला घेऊन निघालो. गावातले सगळे बोर्ड त्यानेच रंगवलेले, त्यामुळे कारणं माझ्यापेक्षा त्याला जास्त पाठ. मी वही धरून पुढे, तो खिशात हात घालून मागे.

"चौदा नंबर. 'माकडांना खाऊ घालू नये'," मी वाचलं.

"आमदारांच्या साडूंची भेळ पळवली होती."

"पंधरा. 'माकडांकडे रोखून पाहू नये'."

"त्याच साडूंनी रोखून पाहिलं होतं, भाऊसाहेब. म्हणून तर भेळ गेली."

तळ्याकाठी 'घोड्याच्या मागे उभे राहू नये' होता, आणि त्याच्या बरोबर समोर 'घोड्याच्या पुढे उभे राहू नये'. बाजारपेठेत 'शांतता राखा' या बोर्डाच्या खांबालाच कॅसेटवाल्याने कर्णा बांधला होता. एका भिंतीवर 'येथे फलक लावू नयेत' असा फलक होता आणि त्याच्या शेजारी आमचेच चार.

"हे चार आधीचे की तो आधीचा?" मी विचारलं.

"तो आधीचा. पण मला कुणी थांबवलं नाही. तुम्हीच कागद दिलात."

आम्ही दोघंही पोटभर हसलो. असे तीन दिवस मजेत गेले. आपल्याच कारभाराची टिंगल करायला वरूनच परवानगी मिळाली, की सरकारी माणूस फार खुलतो. कारणाच्या रकान्यात मी 'तक्रार', 'तक्रार', 'मा. सदस्य यांची सूचना', 'कारण आढळत नाही' असं भराभर लिहीत होतो. चौथ्या दिवशी आम्ही कर्नल पॉइंटवर पोचलो तेव्हा आकडा एकशे एकोणतीस झाला होता.

कर्नल पॉइंट हा आमचा सगळ्यांत नावाजलेला पॉइंट. डांबरी रस्ता जिथे संपतो तिथे मोकळी जागा, तिच्या टोकाला दगडी कठडा आणि कठड्यापलीकडे थेट दरी. मोकळ्या जागेत दोन बाकं, आणि रस्त्याच्या कडेला यमुना ढेबेची उकडलेल्या कणसांची आणि शेंगांची हातगाडी. कठड्याजवळ सिमेंटात रोवलेल्या पाइपांवर दोन बोर्ड होते. पहिला 'कठड्यावर बसू नये'. दुसरा:

'फोटो काढताना मागे सरकू नये. जीव मोलाचा आहे.'

हा माझा सगळ्यांत गाजलेला मजकूर. तीन वर्षांपूर्वी पॉइंटवरचा फोटोवाला बबन ढेबे दरीत पडून गेला, त्यानंतर लावलेला. यमुना त्याची बायको. दुसरी ओळ मी स्वतःच्या डोक्याने घातली होती, आणि सभेत तिचं कौतुकही झालं होतं.

आम्ही गेलो तेव्हा कॉलेजच्या पोरापोरींचा एक घोळका त्या बोर्डाशी फोटो काढत होता. "सरक, अजून मागे सरक, जीव काय मोलाचाय!" असं एकजण ओरडला आणि बाकीचे खिदळले. यमुना कणसं उलटीपालटी करत होती. तिने वर पाहिलं नाही.

घोळका गेल्यावर ती पदराला हात पुसत आमच्याजवळ आली. पस्तिशीची असेल. अंगाने काटक, बोलणं हळू.

"काय लिवताय, भाऊसाहेब?"

"बोर्डांची यादी. नको असलेले काढायचेत."

तिने लगेच त्या दुसऱ्या बोर्डाकडे बोट केलं. "मंग ह्यो काढा."

"तो कसा काढणार, यमुनाबाई? ज्यांना कारण नाही ते काढायचेत. याला तर कारण आहे."

"काय कारान हाय?"

मी वही चाळू लागलो. बाबूलाल कठड्याकडे बघत राहिला.

"माझा मालक, न्हवं का?" ती म्हणाली. "माझी वैजू सातवीला हाय. साळंत पोरी तिला नावानं हाक मारत न्हाईत. 'ए मागं बघ' म्हंत्यात. मास्तरांनी फळ्यापास्नं मागं जायला सांगितलं तरी वर्ग हसतोय. कालपास्नं साळंत गेली न्हाई. म्हंती, येड्याची पोरगी म्हंत्यात मला, न्हाई जायाची."

"मुलं काय, बोलतात."

"मुलं वाचत्यात म्हून बोलत्यात. तुमी लिवलंया म्हून वाचत्यात."

मला तिचं बोलणं लागलं, पण मी सरकारी माणूस. "उद्या आणखी कुणी पडलं तर? तुमच्यासारखीच दुसरी बाई..." असं काहीतरी मी बोललो. तिने ऐकून घेतलं.

"मंग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पर त्या कारानात लिवाल ते खरं लिवा."

ती परत गाडीशी गेली. मी वहीत एकशे एकतीस नंबरापुढे 'अपघात' एवढंच लिहिलं.

अपघाताची तारीख हवी म्हणून त्याच दुपारी मी कर्नल पॉइंटची फाईल काढली. फाईल बारीक होती, कागद मोजून चार. मी शेवटाकडून सुरुवात केली. वरचा कागद सभेचा ठराव: 'फोटो काढताना मागे सरकल्याने झालेली दुर्घटना लक्षात घेता योग्य फलक लावण्यात यावा.' त्याखाली माझा मजकूर. त्याखाली पोलिसांच्या पंचनाम्याची नक्कल. ती आली त्या दिवशी मी तिला टाचणी मारली होती. वाचली नव्हती. फोटोवाला, आणि दरीत पडला. त्यात वाचायचं काय, असंच मला आणि सगळ्या सभेला वाटलं होतं.

आता वाचली. 'मयताचा कॅमेरा चामडी पिशवीत बंद स्थितीत बाकावर मिळून आला. बाकाशेजारी एक घमेले, त्यात कालवलेले सिमेंट, एक थापी. कठड्याचे तीन दगड निखळून दरीत गेलेले.'

मी ते दोनदा वाचलं. मग सगळ्यांत खालचा कागद काढला. तो बबन ढेबेचा अर्ज होता, त्याच्या मृत्यूच्या दोन महिने आधीचा. अक्षर वाकडंतिकडं, पण स्वच्छ. 'कठड्याचे दगड हलत आहेत. मी गिऱ्हाइकांना तेथेच उभे करतो. लेकराबाळांची भीती वाटते. तरी गवंडी पाठवावा ही विनंती.' खाली लाल शाईत माझी टिपणी: 'कठडा दुरुस्ती खर्चिक व वनखात्याच्या परवानगीस अधीन. सबब कठड्यावर बसू नये असा फलक लावणे उचित.' त्याखाली माझी सही. आणि शेरा, निकाली.

हा अर्ज मला आठवत नव्हता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरंच आठवत नव्हता की आठवायचा नव्हता, ते मला आजही सांगता येत नाही. दिवसाला दहा अर्ज यायचे हे खरं. पण बबन माझ्या टेबलासमोर उभा होता, टोपी हातात घेऊन, हे त्या कागदाकडे बघता बघता मला आठवलं. 'बोर्ड लावतो' म्हटल्यावर तो म्हणाला होता, "बोर्डानं दगड थांबतोय व्हय, भाऊसाहेब?" आणि मी हसलो होतो. तोही हसला होता, मी हसलो म्हणून.

मी फाईल बांधली आणि घरी गेलो. जेवण गेलं नाही. बायकोला पित्त झालंय म्हणून सांगितलं.

सकाळपर्यंत मी माझ्यापुरता तोडगा काढला. बोर्ड काढून टाकायचा. कारणाच्या रकान्यातलं 'अपघात' खोडून 'फलक गंजला आहे' असं लिहायचं. बोर्ड जाईल, पोरीची टवाळी थांबेल, यमुनेला हवं तेच होईल आणि फाईल पुन्हा कपाटात जाईल. कुणाचं काही बिघडत नाही, असं मी स्वतःला चार वेळा बजावलं. बाबूलालला बोल्ट काढायचा पाना आणि करवत घ्यायला सांगितली, आणि पर्यटक यायच्या आत, सातच्या सुमाराला, आम्ही कर्नल पॉइंटवर हजर झालो.

यमुना आमच्याही आधी आली होती. बरोबर तिची मुलगी होती, वैजयंता. लांब वेण्या, आईसारखेच शांत डोळे. ती गाडीखाली सरपण लावत होती. बाबूलालने बोर्डाच्या पहिल्या बोल्टला पाना लावला तशी यमुना येऊन पाइप धरून उभी राहिली.

"का काढताय?"

"तुम्हीच म्हणालात ना," मी म्हणालो. "काढतोय. तुमच्यासाठीच."

"काल तर कारान हाय म्हनला."

"गंजलाय."

तिने बोर्डावरून तळवा फिरवला आणि मला दाखवला. तळव्याला गंजाचा कणही नव्हता. बाबूलालचा रंग होता तो, वीस वर्षं टिकला असता.

"भाऊसाहेब, एक काम करा. मुजावरभाऊ, तुमी गिऱ्हाईक व्हा. कठड्यापाशी हुबं ऱ्हा. हां, तिकडं नगं, दरी मागं आली पायजे. आता भाऊसाहेब, तुमी फोटू काढा."

"यमुनाबाई, हे काय..."

"काढा की. कॅमेरा न्हाई तर नसू द्या. हात धरा डोळ्याम्होरं."

का कोण जाणे, मी तिचं ऐकलं. दोन्ही हातांची चौकट करून डोळ्यांसमोर धरली. चौकटीत बाबूलाल होता, त्याच्यामागे कठडा, त्याच्यामागे धुक्याने भरलेली दरी.

"गिऱ्हाईक पुरं बसंना तुमच्या फोटूत. मागं सरका."

मी एक पाऊल मागे गेलो.

"आनि सरका."

आणखी दोन पावलं मागे गेलो. टाच डांबराला लागली. आणखी दोन. पाठीला तिच्या हातगाडीचा दांडा टोचला आणि वैजू पटकन बाजूला झाली.

मी हात खाली घेतले. माझ्या पाठीमागे रस्ता होता. दरी होती समोर, वीस पावलांवर.

"फोटूवाल्याची पाठ दरीकडं कशी आसंल?" यमुना म्हणाली. "दरी फोटूत याया नगं? अठरा वर्षं त्यो हितं हुबा ऱ्हायला, भाऊसाहेब. रोज अशीच रस्त्याकडं पाठ. मागं सरकून त्यो माझ्या गाडीवर पडला आसता. दरीत कसा पडंल?"

बाबूलाल कठड्याजवळून हळूच पुढे सरकला. तो बोर्ड त्याने रंगवला होता, मी लिहिला होता, सतरा नगरसेवकांनी मंजूर केला होता, आणि तीन वर्षांत हजारो लोकांनी वाचला होता. ज्यांनी वाचला त्यांतल्या प्रत्येकाने तिथेच उभं राहून दरीचा फोटो काढला होता. त्यांतल्या एकालाही हे दिसलं नव्हतं.

"तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"म्हंजे? त्या दिशी घरातनं थापी घिऊन गेलता त्यो. म्या इचारलं, तर म्हनला, त्यांनी बोर्ड लावलाया, आता दगड आपुनच बशीवतो. म्या तवाच सांगत हुते पोलिसास्नी, तुमच्या सायबास्नी. समदी म्हनली, बाई दुःखात हाय, बोलू द्या तिला."

वैजूने मान खाली घातली होती, पण तिचं सगळं लक्ष आमच्याकडे होतं. तिच्यासमोर मला बोलायला लाज वाटत होती, पण गप्प बसायची जास्त वाटली.

"त्याने अर्ज केला होता," मी म्हणालो. "गवंडी पाठवा म्हणून. माझ्याकडेच आला होता. मी गवंडी पाठवला नाही."

"ठावं हाय," यमुना म्हणाली.

एवढंच. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तीन वर्षं मी तिच्या गाडीवर कणीस खात आलो होतो, ती मला लिंबू जास्तीचं चोळून देत आली होती, आणि तिला सगळं माहीत होतं.

बाबूलालने हळू आवाजात विचारलं, "मग वहिनी, बोर्ड काढू ना?"

"न्हाई," ती म्हणाली. "आत्ता न्हाई. लावताना समद्या गावाला दाखवून लावला. नारळ फोडला हुता. आता गंजलाय म्हून गुपचूप काढताय? बोर्ड जाईल, पर लोकांच्या डोक्यात त्यो येडाच ऱ्हाईल. आदी ते कारान लिवा. मंग काढा."

बाबूलालने पाना खिशात घातला. आम्ही उतरलो. वाटेत तो एकदाच बोलला. "भाऊसाहेब, मी नुसती अक्षरं काढतो. पण आज मलाही झोप नाही लागणार." माझं तर काम अक्षरांच्याही आधीचं होतं.

ऑफिसात जाऊन मी वही उघडली. एकशे एकतीस नंबर. 'अपघात' हा शब्द खोडला आणि पेन धरून बसलो. वीस वर्षांत मी कितीतरी मजकूर केले होते, एकालाही एवढा वेळ लागला नव्हता. रकाना दोन बोटांचा. शेवटी रकान्याबाहेर, समासात, मग पुढच्या ओळीवर, असं करत मी लिहून टाकलं. एकदाही 'नये' लागला नाही. मग वही आणि फाईल घेऊन मॅडमच्या खोलीत गेलो.

त्यांनी यादी पहिल्या पानापासून वाचली. माकडांपाशी थोड्या हसल्या. एकशे एकतीसला आल्या आणि थांबल्या. मग फाईल मागितली. अर्ज वाचला, माझी टिपणी वाचली, पंचनामा वाचला.

"हे तुम्ही स्वतः लिहिलंत?"

"हो."

"कुणाच्या दबावाखाली?"

"नाही. त्या बाईंनी फक्त खरं लिहा म्हणून सांगितलं होतं."

"क्षीरसागर, यावर माझी सही झाली की तुमची खातेनिहाय चौकशी लागेल. मी थांबवू शकणार नाही. थांबवणारही नाही."

"माहीत आहे, मॅडम."

"एकशे तीस बोर्डांची कारणं तुम्ही दोन-दोन शब्दांत लिहिलीत. हेही दोन शब्दांत लिहिता आलं असतं. फलक गंजला, वगैरे."

"आज सकाळपर्यंत तेच लिहिणार होतो," मी सांगितलं.

त्यांनी वही जवळ ओढली. मग सही केली, शिक्का स्वतः उठून मारला, आणि वही माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "आधी हे त्यांना दाखवून या. चौकशीचा कागद तुम्हाला उद्याही मिळेल. आणि कठड्याचं मी बघते."

चौकशी झाली. माझी बढती तीन वर्षं लांबली आणि बोर्डांचा विषय माझ्याकडून काढून घेतला. कठड्यासाठी मॅडम स्वतः वनखात्यात जाऊन बसल्या, आणि त्याच हिवाळ्यात गवंडी आले. पण त्या सगळ्याचं मला फारसं काही वाटलं नाही. मला आठवते ती त्या दिवशीची दुपार.

चार वाजता मी कर्नल पॉइंटवर पोचलो. गर्दी होती. घोडेवाले, चणेवाला, टोप्या विकणारी म्हातारी, शिवाय दोन बसभर पर्यटक. बाबूलाल आधीच येऊन बोर्डाखाली उभा होता. मी वही यमुनेपुढे धरली.

"लिवलं?"

"लिहिलं. सहीशिक्क्यासकट."

तिने वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला कुटं वाचता येतंय. तुमीच वाचा. हळू नगं. समद्यांना ऐकू जाऊ द्या." आणि तिने हाक मारली, "वैजू, हिकडं ये. म्होरं हुबी ऱ्हा."

वैजू येऊन समोर उभी राहिली. चणेवाला वळला. घोडेवाल्यांनी लगाम आखडले. काय चाललंय म्हणून काही पर्यटकही जवळ आले. मी आयुष्यात इतक्या लोकांसमोर कधी बोललो नव्हतो. माझं सगळं बोलणं आजवर पत्र्यावर लिहिलेलं.

मी वाचायला सुरुवात केली.

"फलक क्रमांक एकशे एकतीस. या फलकावरील मजकूर खोटा आहे. बबन रामा ढेबे हे फोटो काढताना पडले नाहीत. कठड्याचे दगड सैल झाल्याचे त्यांनी या कार्यालयास लेखी कळवले होते. कार्यालयाने दुरुस्ती केली नाही, फलक लावला. लोकांच्या लेकराबाळांच्या सुरक्षेसाठी बबन ढेबे स्वतः कठडा दुरुस्त करत असताना दगड निखळून मृत्यू पावले. चूक त्यांची नव्हती. दुरुस्ती नाकारणारा आणि खोटा मजकूर लिहिणारा एकच: दत्तात्रय महादेव क्षीरसागर, वरिष्ठ लिपिक."

माझं नाव वाचून झाल्यावर मी वर पाहिलं. टोप्या विकणाऱ्या म्हातारीने डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला. यमुना कठड्याकडे बघत उभी होती, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते ती पुसत नव्हती.

मी वही मिटायला लागलो तेव्हा वैजूने हात पुढे करून ती उघडी धरली. मागे बसमधून नुकतीच उतरलेली माणसं येत होती. त्यांनी काहीच ऐकलेलं नव्हतं.

"पुन्हा वाचा," ती म्हणाली.